नेपाळ की भूतान: सात-आठ दिवस आणि घरची मंडळी बरोबर असतील तर

दिवाळीनंतर किंवा मार्च-एप्रिलमध्ये घरच्यांना घेऊन हिमालयात जायचं ठरलं की हे दोनच देश समोर येतात. दोन्हीकडे आपल्याला व्हिसा लागत नाही, गाड्या डाव्या बाजूने चालतात, हिंदीवर काम भागतं, आणि दोन्ही चलनं आपल्या रुपयाला बांधलेली आहेत. फरक कळतो तो वेळापत्रक कागदावर मांडायला घेतलं की.

आधी ओळखपत्राचं बघून घ्या, कारण सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. आधार कार्डावर दोन्हीकडे भरवसा ठेवू नका. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, तेही मूळ, हवं. नेपाळला विमानाने जाताना 15 वर्षांखालच्या आणि 65 वर्षांवरच्या व्यक्तींना आधारसारख्या फोटो ओळखपत्राची सवलत आहे. म्हणून आजीला आत सोडतात आणि कॉलेजात जाणाऱ्या नातवाला काउंटरवरच अडवतात. भूतानला मुलांसाठी पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला लागतो, तोही इंग्रजीत असलेला बरा. भूतानला व्हिसाऐवजी प्रवेश परवाना काढावा लागतो, त्याच्या अर्जातलं नाव आणि कार्डावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळायला हवं. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार तिथे वेळ खातो.

पैशांच्या बाबतीत भूतान सोपा. एक न्गुलट्रम म्हणजे एक रुपया, आणि आपल्या नोटा सगळीकडे चालतात. उरलेले न्गुलट्रम मात्र जयगावातच, म्हणजे सीमेवरच्या आपल्या बाजूच्या गावात, बदलून घ्या, पुढे ते कुणी घेत नाही. नेपाळमध्ये आपला एक रुपया म्हणजे त्यांचे 1.60, आणि भाव विचारला की दुकानदाराला लगेच विचारायचं: आयसी की एनसी? म्हणजे भारतीय रुपयात सांगितला की नेपाळी. 1600 एनसीची शाल 1000 आयसीला पडते, आणि न विचारता पैसे दिले तर 600 जास्त जातात. शंभरपर्यंतच्या नोटा तिथे बिनघोर चालतात. मोठ्या नोटांचे नियम बदलत आले आहेत, निघण्याच्या आठवडाभर आधी बघून घ्या. यूपीआयचे क्यूआर दोन्हीकडे दिसतात, पण घाटातल्या धाब्यावर रोख लागतेच.

आता ज्या गोष्टीने माझ्यापुरता निकाल लावला, तिच्याकडे येतो: काठमांडू ते पोखरा हा रस्ता.

नकाशावर हे अंतर 200 किलोमीटर दिसतं आणि आपण पुणे-कोल्हापूरच्या हिशेबाने चार-पाच तास धरतो. प्रत्यक्षात आठ-दहा तास मोजा. काठमांडूच्या खोऱ्यातून बाहेर पडतानाच नागढुंग्याचा उतार लागतो, तिथे मालाचे ट्रक एकामागे एक उभे. पुढे त्रिशूली नदीच्या काठाने रस्ता जातो. रुंदीकरणामुळे डोंगर मोकळे झालेले, जागोजागी डांबराऐवजी खडी. मुगलिनला चितवनकडून येणारी वाहतूक मिळते आणि पुन्हा रांग लागते. पावसाळ्यात दरडी कोसळतात. जुलै 2024 मध्ये मुगलिनहून चितवनकडे फुटणाऱ्या रस्त्यावर सिमलतालला दरडीने दोन बस त्रिशूलीत लोटल्या होत्या. पण चांगल्या मोसमातही हा दिवस पूर्ण जातो, परतीचा दुसरा जातो, आणि सात दिवसांत दोन दिवस गाडीत म्हणजे फार झाले. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तर तिसरा दिवसही विश्रांतीत काढावा लागतो.

विमानाने जा, असं सगळे सांगतात. पंचवीस मिनिटांचा प्रवास, आणि पोखऱ्याकडे जाताना उजवीकडची खिडकी मिळाली तर हिमशिखरांची पूर्ण रांग दिसते. देशांतर्गत विमानांना भारतीयांसाठी वेगळं भाडं असतं, तेव्हा आरक्षण करतानाच तसं सांगा. पण डिसेंबर-जानेवारीत सकाळचं धुकं आणि एप्रिलमध्ये वणव्यांचा धूर यांमुळे उड्डाणं पुढे ढकलली जातात. मुक्तिनाथचं तीर्थ करायचं असेल तर अडचण आणखी वाढते. तिथलं जवळचं विमानतळ जोमसोम, आणि पोखरा-जोमसोम उड्डाणं सकाळीच होतात, कारण दहा-अकरानंतर कालीगंडकीच्या खोऱ्यात वारा इतका जोर धरतो की छोटी विमानं उतरू शकत नाहीत. सकाळी ढग असले की त्या दिवसाचं जोमसोम गेलंच, आणि पुढच्या सगळ्या हॉटेलांचं आरक्षण हलतं. म्हणून मुक्तिनाथसाठी एक पूर्ण दिवस रिकामा ठेवायचा, त्याखेरीज निघायचं नाही. वर उंची 3,700 मीटरच्या आसपास आहे. जोमसोमला एक रात्र काढून जीपने वर जावं, आणि देवळाच्या 108 धारांखाली भिजायचं असेल तर कोरडे कपडे हातातल्या पिशवीत हवेत, गाडीत ठेवलेले उपयोगाचे नाहीत.

भूतानमध्ये हा अनिश्चितपणा जवळजवळ नाही. बागडोगऱ्याहून जयगाव चार-पाच तास, मुक्काम तिथेच. सकाळी फाटकातून फुन्शोलिंग, तिथून थिंफू सुमारे 150 किलोमीटर, पाच तास. सीमा सडक संघटनेच्या ‘दंतक’ने बांधलेला हा रस्ता चांगला आहे. पावसाळ्यात गेदूजवळ दाट धुकं पडतं, तेवढं सांभाळायचं. त्यानंतर थिंफू-पारो दीड तास, थिंफू-पुनाखा अडीच-तीन तास. ठरवलेला दिवस ठरवल्यासारखा जातो, आणि घरची मंडळी बरोबर असताना मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं.

त्याची किंमत मोजावी लागते, हे मान्य. माणशी रात्रीला 1200 रुपये शाश्वत विकास शुल्क. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. चार मोठी माणसं आणि दहा वर्षांचं एक मूल, पाच रात्री: 27,000 रुपये. यात हॉटेल नाही, गाडी नाही, गाइड नाही. स्वतःची गाडी नेली तर दिवसाला 4500 वेगळे, तेव्हा गाडी जयगावात ठेवून तिथली टॅक्सी करणं परवडतं. आवडलं म्हणून एक दिवस वाढवावा तर शुल्कही वाढतं आणि परवानाही वाढवावा लागतो. कुठे कुठे जायचं ते अर्जातच लिहा, पुनाखासकट. ज्यांना मनाला येईल तसं भटकायचं आहे त्यांना हे जाचेल, आणि त्यांनी नेपाळलाच जावं.

डोंगराच्या बाबतीतही नेपाळ पुढे आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पोखऱ्याला फेवा ताल 800 मीटरच्या आसपास आणि समोर 6,993 मीटरचं माछापुछ्रे, इतकं जवळचं दर्शन भूतानात सहज मिळत नाही. दोचुला खिंडीतून शिखरं दिसतात, पण लांबून, आणि आकाश स्वच्छ असेल तरच. भूतानने 2003 पासून गिर्यारोहण पूर्ण बंद केलं आहे, म्हणून शिखर चढायचं असेल तर प्रश्नच मिटला. पाट्याही नेपाळमध्ये देवनागरीत असतात, आपल्या आजी-आजोबांना ते सुखाचं होतं.

वास्तूंमध्ये मात्र मला निवड करता येत नाही. पाटणचं दगडी कृष्णमंदिर आणि पुनाखाचा द्झोंग, म्हणजे किल्ला आणि मठ एकत्र, दोन्ही 1637 च्या सुमाराचे. पाटणला तासभर चौकात बसता येतं, तिथे माणसं रोज पूजेला येतात. पुनाखाला दोन नद्यांच्या संगमावर तो भव्य द्झोंग उभा आहे, आत जाताना पूर्ण बाह्या, कॉलर आणि डोक्यावर टोपी नाही.

जेवणात शाकाहाऱ्यांची दोन्हीकडे सोय होते. नेपाळी डाळ-भात-तरकारीत डाळ-भात पुन्हा वाढतात. भूतानात एमा दात्शी म्हणजे मिरचीचीच भाजी, चीजमध्ये शिजवलेली. मुलांसाठी बटाट्याची केवा दात्शी मागवा.

भूतान ठरलंच तर पारोजवळचा ताक्त्संगचा मठ शेवटच्या दिवशी ठेवा, तोवर उंचीची सवय होते. सकाळी आठच्या आत पायथा सोडा, जाऊन येऊन पाच-सहा तास लागतात. घोडा निम्म्या वाटेवरच्या उपाहारगृहापर्यंतच आणि फक्त चढताना मिळतो. ज्यांना पुढचं झेपणार नाही त्यांनी तिथेच थांबावं, समोर कड्याला चिकटलेला मठ पूर्ण दिसतो. पुढे शेकडो पायऱ्या आधी उतरून मग चढायच्या आहेत, आणि परतताना त्याच पुन्हा. मोबाइल दारावरच जमा होतो. आणि जयगावच्या मुक्कामात घड्याळ अर्धा तास पुढे करून झोपा: फाटकापलीकडचं कार्यालय भूतानी वेळेने उघडतं, त्यांचे नऊ म्हणजे आपले साडेआठ, आणि रांग त्याआधीच लागलेली असते.