चार दिवसांत मॅक्स मेगा

पैसे किती गेले ते सांगणार नाही. घरीसुद्धा खरा आकडा सांगितलेला नाही. बाकी मात्र सगळं सांगतो, कारण मला फसवणारी तीच जाहिरात मागच्या आठवड्यात पुन्हा नजरेस पडली. माणूस तोच, नाव वेगळं.

मी २०१६ पासून पोकेमॉन गो हा फोनवरचा, पोकेमॉन पकडत फिरायचा खेळ खेळतोय. मध्ये वर्षभर सोडला होता, २०१९ मध्ये परत आलो आणि तेव्हापासून चिकटलोय. चाळिशीच्या माणसाने फोन समोर धरून रस्त्यात थबकायचं हे वेड कुणाला समजावत बसत नाही. माझी भाची खेळते, तेवढी सोबत मला पुरते.

ज्यांना मेगा म्हणजे काय हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काही ठरावीक पोकेमॉनना मेगा एनर्जी देऊन तात्पुरतं जबरदस्त रूप देता येतं. अंगावर काटे, पंख, ज्वाळा असं काहीबाही उगवतं आणि ताकद वाढते. रेडमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून एका बलाढ्य पोकेमॉनशी करायच्या लढाईत, सोबत लढणाऱ्यांच्या हल्ल्यांनाही जोर येतो, मेगाच्याच प्रकारचा हल्ला असेल तर ३० टक्के, नसेल तर १०. आठ तासांनी रूप उतरतं. ऑगस्ट २०२० मध्ये हे आलं तेव्हा दर वेळी एनर्जी मोजावी लागायची आणि लोक जाम वैतागले होते. एप्रिल २०२२ मध्ये पद्धत बदलली. पहिल्यांदा एनर्जी द्यायची, चारिझार्ड या पोकेमॉनला २०० लागते. नंतर त्याचा विसावा संपला की पुढचं मेगा फुकट. विसावा किती ते मेगा लेव्हलवर ठरतं: बेस लेव्हलला ७ दिवस, हायला ५, मॅक्सला ३. धीर नसेल तर एनर्जी खर्चून मधेच उठवता येतं. हाय गाठायला तोच पोकेमॉन ७ वेळा मेगा करायचा, मॅक्सला ३० वेळा. आणि लेव्हलसाठी दिवसातून एकदाच मोजलं जातं.

हे शेवटचं वाक्य मला पाठ होतं. भाचीला मीच शिकवलं होतं.

माझा जीव अडकला होता रायक्वाझा नावाच्या ड्रॅगन पोकेमॉनमध्ये. ऑगस्ट २०१९ मध्ये एका बागेच्या फाटकाशी, पाऊस अंगावर घेत, मी शायनी रायक्वाझा पकडला होता. शायनी म्हणजे वेगळ्या रंगाचा, दुर्मिळ. साधा हिरवा असतो, शायनी काळा. पुढे २०२३ मध्ये मेगा रायक्वाझा आला, पण त्याला नुसती एनर्जी पुरत नाही. आधी त्याला ड्रॅगन असेंट हा हल्ला शिकवावा लागतो आणि त्यासाठी उल्का नावाची वस्तू लागते. ऐन त्या दिवसांत मी कामात गळ्यापर्यंत बुडालेला. सगळे इव्हेंट हुकले. माझा काळा ड्रॅगन तसाच स्टोरेजमध्ये पडून, आणि रेडला गेलं की बाजूच्याचा मेगा रायक्वाझा डौलात उडतोय. आतून जळायचो, दुसरं काय.

२०२४ मध्ये जाहिरात दिसली. ‘मेगा सर्व्हिस. कोणताही पोकेमॉन, मॅक्स लेव्हल. आधी काम बघा, मग विश्वास ठेवा.’ मी मेसेज टाकला. मिनिटभरात उत्तर.

‘दादा, घाई करू नका. आधी छोटं काम देऊन बघा.’

इतका अदबीने बोलणारा माणूस मला त्या खेळात तरी भेटला नव्हता. काम असं की लॉगिन त्याला द्यायचं, तो माझ्या खात्यावरून मेगा रेड मारणार. आम्ही चारिझार्डच्या एनर्जीपासून सुरुवात केली. किरकोळ पैसे, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी उघडून बघतो तर एनर्जी खरंच हजाराच्या वर. सगळे पोकेमॉन जागच्या जागी. मी लगेच पासवर्ड बदलला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

त्या दोन दिवसांत त्याने आणखी एक गोष्ट केली होती, ती माझ्या ध्यानात आली नाही. मित्रयादीत एक नवं नाव आलं होतं. माझ्या यादीत दीडशेच्या वर माणसं, त्यातली निम्मी मला आठवतही नाहीत. कोण बघतो?

आठवड्याने त्याचाच मेसेज. ‘दादा, तुमचा ब्लॅक रायक्वाझा बघितला. असा पोकेमॉन नुसता ठेवायचा नसतो. उल्का मी देतो, एनर्जी मी देतो, चार दिवसांत मॅक्स करून देतो.’

आता हे वाक्य थंड डोक्याने वाचा. उल्का एका खेळाडूला दुसऱ्याला देता येत नाही. मेगा एनर्जीही देता येत नाही. दोन्ही आपल्याच खात्यावर मिळवाव्या लागतात, आणि त्या आठवड्यात रायक्वाझाच्या मेगा रेड चालूच नव्हत्या. चार दिवसांत मॅक्स तर सोडूनच द्या. मला एकूण एक नियम माहीत होता. पण मन काय करतं बघा: ‘याच्याकडे काहीतरी युक्ती असणार.’ नियम माहीत नसलेल्याला निदान शंका तरी येते. मी माझं सगळं ज्ञान त्याच्या बाजूने वकिली करण्यात घालवलं.

निम्मे पैसे आगाऊ दिले. नवा पासवर्ड दिला. एक अट होती: चार दिवस मी खेळ उघडायचा नाही. कारणही चोख दिलं. ‘मी दुसऱ्या ठिकाणी असणार, तुम्ही इथे उघडलंत तर खातं एका मिनिटात हजार किलोमीटर उडालं असं दिसेल. कूलडाउन लागतो दादा, तुम्हाला माहीतच आहे.’ कूलडाउन म्हणजे एवढ्या लांब उडीनंतर थांबून राहायचा वेळ. तुम्हाला माहीतच आहे, ही त्याची खास लकब. जाणकार म्हणवून घ्यायची हौस कुणाला नसते? खोटं लोकेशन लावून खेळणं, म्हणजे स्पूफिंग, नियमात बसत नाही हेही मला माहीत होतं. त्यावर गप्प बसलो. म्हणजे या प्रकरणात मी अगदी धुतल्या तांदळासारखा नव्हे, हे आधीच कबूल करून टाकतो.

रोज रात्री एक स्क्रीनशॉट यायचा. एनर्जीचा आकडा वाढत चाललेला. मी झूम करून बघायचो आणि झोपायचो. नंतर ते फोटो ओळीने लावून पाहिले तर तिन्हींत वर बॅटरी ६४ टक्के आणि घड्याळात तीच वेळ. एकाच फोटोतला आकडा तेवढा खोडून नवा टाकलेला. तीन रात्री झूम करून मी फक्त आकडाच पाहत होतो.

चौथ्या दिवशी भाचीचा फोन.

‘मामा, तू झोपत नाहीस का?’

‘का गं?’

‘तुझे पकडलेले पोकेमॉन बघ ना. चार दिवसांत किती वाढलेत! आणि चाललेलं अंतर तेवढंच.’

मित्राच्या प्रोफाइलवर हे आकडे दिसतात. मी तिला सगळं सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं, पण ती फक्त गप्प झाली. मग म्हणाली, ‘मामा, दिवसातून एकदाच मोजतात ना? मग चार दिवसांत तीस कसे होणार?’

तेरा वर्षांची पोरगी. मी फोन ठेवला आणि खेळ उघडला.

पहिलीच पाटी नियमभंगाची. पहिला स्ट्राइक. खात्यावर अवैध प्रकार आढळले, साधारण ७ दिवस काही गोष्टी बंद. ही पहिली पायरी असते. दुसऱ्या स्ट्राइकला महिनाभर खातं उघडत नाही आणि तिसऱ्याला कायमचं जातं. पाटी बाजूला सारून स्टोरेज उघडलं. नव्याने पकडलेला कचरा रांगेने पडलेला. प्रत्येक पोकेमॉनच्या पानावर तळाशी तो कुठे आणि कधी पकडला ते लिहिलेलं असतं. सारागोसा, स्पेन. सिडनी, ऑस्ट्रेलिया. न्यूयॉर्क. मग पुन्हा सारागोसा. स्पूफिंग करणाऱ्यांची ही लाडकी ठिकाणं. मी यातलं एकही शहर पाहिलेलं नाही.

‘रायक्वाझा’ असं शोधलं. हिरवे दोन होते. काळा नव्हता.

आणखी तीन लेजंडरी, म्हणजे दुर्मिळ आणि बलाढ्य पोकेमॉन, गेले होते. काळ्यासकट चौघांच्या बदल्यात चार रॅटाटा, कुठेही मिळणारा साधा पोकेमॉन. ट्रेड केले होते, म्हणजे अदलाबदल. चारच का, हे कळायला थोडा वेळ लागला. लेजंडरी किंवा शायनीचा ट्रेड हा स्पेशल ट्रेड असतो आणि तो दिवसाला एकच करता येतो. चार दिवस, चार पोकेमॉन. म्हणजे ‘चार दिवस खेळ उघडू नका’ यातले चार दिवस माझ्या मॅक्स लेव्हलसाठी नव्हतेच. ते त्याच्या कामाचे दिवस होते. मित्रयादीतलं ते नवं नाव याच्यासाठी आधीच पेरून ठेवलेलं, कारण मैत्री असल्याशिवाय ट्रेड होत नाही. ट्रेडला तेव्हा दोन्ही खेळाडू १०० मीटरच्या आत असावे लागायचे, पण दोन्ही खाती एकाच्याच हातात असली आणि लोकेशन खोटं असलं की ती अटही उरत नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे, खेळणाऱ्यांना कळेल. नव्या मैत्रीत असा पोकेमॉन घेताना तो घेणाऱ्याच्या पोकेडेक्समध्ये, म्हणजे मिळालेल्या पोकेमॉनच्या नोंदवहीत, नसेल तर १० लाख स्टारडस्ट, म्हणजे खेळातलं चलन, लागते. असेल तर फक्त २०,०००. माझ्या खात्यातून दर रात्री २०,००० गेले होते. म्हणजे काळा रायक्वाझा त्याच्याकडे आधीच होता. बाकीचे तीनही होते. त्याला ते हवे होते म्हणून त्याने नेले नाहीत. तो त्याचा माल होता. हे कळल्यावर का कोण जाणे, मला चोरीपेक्षा जास्त लागलं. एखाद्या वेड्या खेळाडूने नेला असता तर निदान समजलं असतं.

मी त्याला मेसेज केला. उत्तर येणार नाही अशी खात्री होती, पण आलं, आणि तितक्याच अदबीने.

‘दादा, स्ट्राइक आला म्हणून काम थांबवावं लागलं. पोकेमॉन सुरक्षित ठिकाणी हलवलेत. आधी स्ट्राइक काढू. माझा माणूस आहे, अपील करून आठवड्यात काढून देतो. त्याचे वेगळे पडतील.’

आणि मी दिले. हो, दिले. इथे वाचणारा कपाळावर हात मारेल, मारू दे. त्या क्षणी पोकेमॉन ‘हलवलेत’ या शब्दाला मी लटकलो होतो. आठवड्याने स्ट्राइक खरंच गेला. मी त्याचे आभारसुद्धा मानले. त्यानंतर त्याने मला ब्लॉक केलं. मग डोक्यात प्रकाश पडला की पहिला स्ट्राइक साधारण ७ दिवसांचाच असतो आणि आपला आपण उतरतो. पाटीवर लिहिलेलं होतं. माझ्याच कॅलेंडरमधले सात दिवस त्याने मला विकले होते.

खेळाच्या मदत विभागाला लिहिलं. खातं दुसऱ्याला वापरायला देणं हेच नियमाविरुद्ध, त्यामुळे माझी बाजू लंगडी होती आणि झालेला ट्रेड उलटत नाही. पैशांची तक्रारही केली. पण पैसे मी माझ्या हाताने पाठवलेले, पावती म्हणून दाखवायला तीन बनावट स्क्रीनशॉट. मूळ चॅट मी रागाच्या भरात पुसून टाकलं होतं. हे मात्र करू नका. कितीही राग आला तरी चॅट, त्याच्या खात्याचं नाव, पैसे पाठवल्याची नोंद, सगळं आधी जपून ठेवा. आणि खातं परत हातात आल्या आल्या पासवर्डबरोबर मित्रयादीही तपासा. मित्राच्या पानावर मैत्री कधी झाली त्याची तारीख असते. पहिल्या ‘छोट्या कामा’नंतर मी ती एकदा पाहिली असती तर पुढचं काही घडलंच नसतं.

माझा चारिझार्ड आता मॅक्सला आहे. त्याने दिलेली एनर्जी होतीच, ती वापरायची की नाही यावर मी दोन दिवस घातले आणि मग वापरली. रोज सकाळी एकदा मेगा करायचा, भाचीला मेसेज टाकायचा. ती उलट मोजत होती. बरोबर तीस दिवस लागले.

तर मागच्या आठवड्यातली ती जाहिरात. या वेळी नुसती मेगा सर्व्हिस नव्हती, पोकेमॉनसकट अख्ख्या खात्याची विक्रीही होती. आठ-दहा पोकेमॉनचे फोटो, त्यात एक काळा रायक्वाझा. ट्रेडमध्ये आयव्ही, म्हणजे पोकेमॉनचे अंगभूत गुण, नव्याने पडतात, त्यामुळे सीपीचा, म्हणजे ताकदीचा, आकडा ओळखीचा नव्हता. मी फोटो मोठा करून तळाशी गेलो. पकडल्याची तारीख ट्रेडनंतरही बदलत नाही. ऑगस्ट २०१९. दिवस माझा. जागा माझी.

खाली एकाने विचारलं होतं, ‘दादा, मॅक्स लेव्हल किती दिवसांत होईल?’

उत्तर होतं, ‘चार.’