सरकत्या कॉर्ड्स शिकायच्या तर कोणत्या वाटेने: कॅपो, दोन शेप, पाच शेप की तीन तारा?

गिटारवर सहा-आठ महिने ओपन कॉर्ड्स वाजवून झाल्या आहेत, सी, जी, डी आणि ए मायनर डोळे मिटून लागतात, परंतु एफ समोर आला की हात अडखळतो, अशा टप्प्यावर असलेल्या माणसासाठी हा आढावा आहे. हा टप्पा एकट्याने खोलीत वाजवताना फारसा जाणवत नाही. कोजागिरीच्या रात्री घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मात्र तो मला चांगलाच जाणवला होता. गाणाऱ्या काकांनी "माझी काळी दोन" असे सांगितले, पेटीवाल्याने मान डोलावली, आणि मी गिटारकडे असा पाहत राहिलो की जणू ती कोणा दुसऱ्याचीच आहे. आपल्याकडे गायक कॉर्डचे नाव सांगत नाही, पट्टी सांगतो, म्हणजे पेटीची कोणती पट्टी त्याचा सा आहे ते: काळी दोन म्हणजे दुसरी काळी पट्टी. त्यामुळे साथ करणाऱ्याला कोणतीही पट्टी चालवून घेता येणे हीच सरकत्या कॉर्ड्स शिकण्याची खरी निकड आहे, आणि खालची तुलना मुख्यतः त्याच कसोटीवर केलेली आहे.

मूळ तत्त्व एका वाक्यात सांगता येते. ओपन कॉर्डमध्ये काही तारा मोकळ्या वाजतात. त्या मोकळ्या तारांचे काम बोटाने केले की तोच आकार हव्या त्या फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांनी आखलेल्या घरात) नेता येतो, आणि प्रत्येक फ्रेटला कॉर्ड अर्ध्या स्वराने चढते. हे काम कोणत्या बोटांनी, किती तारांवर आणि किती आकारांनी करायचे, यावरून वाटा वेगळ्या होतात.

कॅपोची, म्हणजे दांडीवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणाऱ्या चिमट्याची, वाट सर्वांत सोपी आहे, म्हणून तिच्याकडे तुच्छतेने पाहण्याची पद्धत आहे. ती मला मान्य नाही. काळी दोनसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून डी, जी आणि ए या ओळखीच्या कॉर्ड्स वाजवल्या की काम होते, शिवाय मोकळ्या तारांचा तो भरदार नाद टिकून राहतो, जो बार कॉर्डला (तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा दाबलेल्या कॉर्डला) कधीच येत नाही. अडचण गाणे सुरू झाल्यावर येते. त्या रात्री दोन गाण्यांनंतर काकांचा घसा बसला आणि त्यांनी "काळी एक करू या" असे सांगितले. पहिल्या फ्रेटवरचा कॅपो खाली आणायला जागाच उरत नाही, त्यामुळे डीचा संच सोडून सीच्या संचावर यावे लागते, आणि त्या संचात पुन्हा तोच एफ उभा असतो. सुरुवातीपासून सहाव्या फ्रेटवर कॅपो आणि ए, डी, ई असा संच धरला असता तर कॅपो फक्त चौथ्या फ्रेटवर सरकवावा लागला असता. परंतु हे आधी सुचण्यासाठी जो हिशेब डोक्यात लागतो, तो करता येणाऱ्या माणसाला सरकत्या कॉर्ड्सही फारशा अवघड जात नाहीत. ज्यांना वर्षातून चार वेळा आणि तेही ठरलेल्या गाण्यांना साथ करायची आहे, त्यांनी चांगला कॅपो घ्यावा आणि उरलेला लेख वाचला नाही तरी चालेल.

दुसरी वाट दोन शेपची आहे. ओपन ई आणि ओपन ए हे दोनच आकार तर्जनीच्या बारसह उचलायचे आणि सगळीकडे न्यायचे. ई शेपचा मूळ स्वर सहाव्या म्हणजे सर्वांत जाड तारेवर असतो आणि ए शेपचा पाचव्या तारेवर. हे दोन आकार खरे तर भावंडे आहेत. प्रत्येक तारेवरचा फ्रेट आकड्याने लिहून (० म्हणजे मोकळी तार) ई शेप सहाव्या तारेपासून ०-२-२-१-० असा वाचला आणि ए शेप पाचव्या तारेपासून ०-२-२-२-० असा वाचला, तर फक्त एका स्वराचा फरक दिसतो. याचे कारण असे की गिटारच्या शेजारशेजारच्या तारांत पाच अर्ध्या स्वरांचे अंतर असते, फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत ते चार असते. त्यामुळे जो स्वर त्या जोडीपलीकडे दुसऱ्या तारेवर जातो त्याला एक फ्रेट पुढे सरकावे लागते.

या वाटेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य शिकवणीत क्वचितच सांगितले जाते, म्हणून येथे थोडे थांबतो. ए शेपमध्ये सा धरला की त्याच फ्रेटवरचा ई शेप म्हणजे पंचमाची कॉर्ड, आणि त्याच्या दोन फ्रेट खालचा ई शेप म्हणजे मध्यमाची. काळी दोनमध्ये सा हा सहाव्या फ्रेटवरचा ए शेप, पंचम सहाव्याच फ्रेटवरचा ई शेप आणि मध्यम चौथ्या फ्रेटवरचा ई शेप. काकांनी काळी एक मागितली की हेच सगळे दोन फ्रेट खाली: चार, चार आणि दोन. कॉर्डची नावेही आठवावी लागत नाहीत. सा ई शेपमध्ये धरला असेल तर त्याच फ्रेटवरचा ए शेप मध्यम देतो आणि दोन फ्रेट वरचा ए शेप पंचम देतो. सा, म आणि प यांचे हे नाते एकदा हाताला कळले की काळी-पांढरीची भीती पुष्कळ कमी होते.

किंमत अर्थात बोटांना मोजावी लागते. बहुतेक जण बारची सुरुवात पहिल्या फ्रेटवरच्या एफपासून करतात आणि तिथेच चूक होते. साधारण ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला फ्रेट सुमारे ३६ मिलिमीटर रुंद असतो आणि पाचवा सुमारे २९. शिवाय पहिल्या फ्रेटजवळ तारा नटवर (दांडीच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीवर) टेकलेल्या असल्याने त्या दाबायला अधिक जोर लागतो. म्हणून तोच आकार आधी पाचव्या फ्रेटवर, म्हणजे ५-७-७-६-५-५ असा ए मेजर म्हणून बसवावा आणि रोज एक फ्रेट खाली यावे. दुसरी गोष्ट अशी की तर्जनीने सहाही तारा सारख्याच जोराने दाबायच्या असतात, हा समज खोटा आहे. ई शेपमध्ये पाचवी, चौथी आणि तिसरी तार इतर बोटांखाली असते. तर्जनीचे खरे काम सहावी, दुसरी आणि पहिली या तीनच तारांवर असते. त्यामुळे बोट थोडे अंगठ्याच्या बाजूला कलते ठेवून, हाडाची कड फ्रेटच्या धातूलगत आणली की मधल्या सांध्याची खोबण कोणत्या तारेखाली येते याची चिंता बरीच मिटते. ई मायनरच्या शेपमध्ये मात्र तिसरी तारही तर्जनीकडेच येते, म्हणून तो बोटांनी सोपा वाटला तरी वाजायला अवघड ठरतो. ए शेपमध्ये अनामिका आडवी करून मधल्या तीन तारा दाबल्या तर पहिली तार बहुधा मुकी होते. साथीपुरते ते चालते, तिच्यासाठी महिनाभर झुरू नये.

येथे आपल्या हवेबद्दलही सांगायला हवे. ठाण्याच्या पावसाळ्यात जून ते सप्टेंबर लाकूड ओल धरते, गिटारचे पोट किंचित फुगते आणि तारा फ्रेटबोर्डपासून उंच उचलल्या जातात. मार्चमध्ये येणारा बार जुलैत येईनासा झाला तर दोष बोटांचा असेलच असे नाही. दुकानात नेऊन सेटिंग करून घ्यावे, किंवा १२ ऐवजी १० गेजच्या, म्हणजे बारीक, तारा लावून पाहाव्यात.

तिसरी वाट पाच शेपची, जिला केज्ड म्हणतात: सी, ए, जी, ई आणि डी हे पाचही ओपन आकार सरकते करायचे. ते याच क्रमाने एकापुढे एक येतात. पांढरी एकमध्ये, म्हणजे सी मेजरमध्ये, ओपन सीनंतर तिसऱ्या फ्रेटवर ए शेप, पाचव्यावर जी, आठव्यावर ई, दहाव्यावर डी आणि बाराव्यावर पुन्हा सी. फ्रेटबोर्ड समजून घेण्यासाठी याहून नीटस नकाशा मला तरी माहीत नाही, आणि सोलो वाजवू इच्छिणाऱ्याला तो आज ना उद्या लागतोच.

तरीही नकाशा आणि रस्ता यांत गल्लत होते. ठाणे स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये मला पहिल्याच महिन्यात या पाचही शेपचा छापील तक्ता मिळाला आणि प्रत्येक शेप पूर्ण बारसह घोटून आणण्यास सांगण्यात आले. जी शेप सी मेजरसाठी ८-७-५-५-५-८ असा होतो. पाचव्या फ्रेटवर आडवी तर्जनी आणि आठव्या फ्रेटवर दोन टोकांच्या तारांवर दोन बोटे असा तो हात धरून पाहावा, म्हणजे हा आकार अखंड स्वरूपात फारसे कोणी का वाजवत नाही ते कळेल. माझे दीड महिने त्यात गेले आणि साथ करण्याची क्षमता तसूभरही वाढली नाही. त्याच आकाराचा उपयोग मात्र वेगळ्या प्रकारे आहे. ए शेप ३-५-५-५-३ असा धरला की मधल्या तीन तारांवरचे जे तीन पाच दिसतात, तेच जी शेपचे ५-५-५ असतात. म्हणजे एका शेपचा शेवट हा पुढच्याचा आरंभ आहे, आणि पाच शेप हे पाच वेगळे हात नसून एकाच कॉर्डचे एकमेकांत अडकलेले तुकडे आहेत. हे डोळ्यांनी पाहावे, समजून घ्यावे. पाचही पूर्ण आकार हाताने घोटण्याची गरज नाही. आणखी एक व्यावहारिक मर्यादा अशी की कटअवे (दांडीजवळ पोटाला दिलेला कापीव खोलगा) नसलेल्या गिटारवर दहाव्या फ्रेटपलीकडचे शेप गिटारच्या पोटाला हात अडल्यामुळे बरेचसे कागदावरच राहतात.

चौथी वाट तीन तारांची, म्हणजे ट्रायडची. मेजर कॉर्डमध्ये वेगळे स्वर तीनच असतात, मग तीनच तारा वाजवाव्यात, असा तिचा साधा युक्तिवाद आहे. तिसरी, दुसरी आणि पहिली तार घेतली तर मेजरचे फक्त तीन आकार होतात, आणि ते ए, ई व डी या ओपन आकारांचे वरचे तुकडेच असतात. काळी दोनमध्ये सा म्हणजे ८-८-६, मध्यम म्हणजे ८-९-८ आणि पंचम म्हणजे ७-६-६. हे आकडे तिसऱ्या तारेपासून वाचावेत आणि हळू वाजवून पाहावेत. साच्या कॉर्डवरून मध्यमावर जाताना तिसऱ्या तारेवरचा सा जागचा हलत नाही. पंचमावर जाताना पहिल्या तारेवरचा प जागचा हलत नाही. जे स्वर हलतात ते एक किंवा दोन फ्रेटच हलतात. बार कॉर्डमध्ये संपूर्ण हात उडी मारतो, येथे एक स्वर टिकून दुसरे त्याच्याभोवती सरकतात, आणि भावगीताच्या संथ साथीला ते इतके शोभून दिसते की गाणारा मागे वळून पाहतो. मायनर हवी असल्यास ८-८-६ चे ८-७-६ होते. एकच बोट एक फ्रेट मागे.

या वाटेत बार जवळजवळ नाही, त्यामुळे लहान हाताच्या, बोटे दुखणाऱ्या किंवा रुंद फ्रेटबोर्डाची नायलॉनच्या तारांची गिटार असलेल्या माणसाला ती फार सोयीची पडते. परंतु तिचे दोन दोष लपवू नयेत. पहिला असा की खर्जाच्या तारा वाजत नाहीत, त्यामुळे एकट्या गिटारवर गाणे पोकळ वाटते. सोबत पेटी आणि तबला असेल तर उलट हाच गुण ठरतो, कारण पेटीच्या सुरांवर गिटारची चढाई होत नाही. दुसरा असा की उजव्या हाताला शिस्त लागते, कारण सहाही तारांवर सवयीने स्ट्रमिंग केले की खालच्या मोकळ्या तारा बेसूर होऊन मध्ये घुसतात.

माझे मत असे आहे. एकट्याने गात वाजवायचे असेल, तर दोन शेपची वाट प्रथम घ्यावी आणि तिला तीन महिने प्रामाणिकपणे द्यावेत. पेटी-तबल्यासोबत बसायचे असेल, किंवा बारने मनगट दुखत असेल, तर तीन तारांपासून सुरुवात करण्यास काहीच हरकत नाही. मात्र सहाव्या आणि पाचव्या तारेवरच्या स्वरांची नावे तरीही पाठ करावीत, कारण त्यांच्याशिवाय कोणता आकार कुठे ठेवायचा ते कळत नाही. हे काम गिटारविना होते. मी ते ठाणे-वाशी लोकलमध्ये केले आहे: ऐरोली येईपर्यंत सहावी तार आणि पुढे वाशीपर्यंत पाचवी. केज्डचा तक्ता भिंतीला खुशाल लावावा, पण रियाजाच्या वेळेतला वाटा त्याला सहा महिन्यांनंतर द्यावा. दोन शेप आणि तीन तारा येत असतील तर त्या तक्त्यातला बराचसा भाग तोवर ओळखीचा झालेला असतो.

निर्णय होत नसेल तर आठवड्याभरात घरच्या घरी एक चाचणी घेता येते. तीन कॉर्डचे, शब्द पाठ असलेले एखादे गाणे निवडावे आणि घरातल्या कोणाला तरी पहिले कडवे काळी दोनमध्ये व दुसरे काळी एकमध्ये गाण्यास सांगावे. दोन कडव्यांमध्ये चहाचा घोट घेण्याइतकाच वेळ मिळेल असे ठरवावे. हेच गाणे एके दिवशी कॅपोने, दुसऱ्या दिवशी सहा-सहा-चारवरून चार-चार-दोनवर येऊन आणि तिसऱ्या दिवशी ८-८-६ वरून ६-६-४ वर येऊन वाजवावे. पहिल्या दिवशी कॅपो काढता-लावताना तार सुराबाहेर गेली का, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कडव्याअखेर अंगठ्याचा तळ दुखू लागला का, आणि तिसऱ्या दिवशी गाणाऱ्याने "गिटार ऐकूच येत नाही" अशी तक्रार केली का, एवढे लिहून ठेवावे.