नाताळच्या फराळाचा बॉक्स (वसईची घरगुती ऑर्डर), किमो चालू असताना मागवलेला

साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली सांगते.

वसईतल्या एक आंटी घरूनच नाताळचा फराळ करून विकतात, दुकान नाही, बोर्ड नाही, नंबर चर्चमधल्या बायकांकडूनच मिळतो. बॉक्स साडेसहाशेचा, त्यात कलकल (शंकरपाळ्यासारखे तळलेले, गोड), नेवऱ्या (करंज्या), खजूर रोल, मिल्क क्रीम, मार्झिपान (बदाम-काजूच्या पिठाची मिठाई), पेरूचं चीज (म्हणजे पेरूची वडी) आणि प्लम केकचा एक जाड तुकडा.

आमच्याकडे कलकल विकत आणले म्हटलं की सासूबाई नाक मुरडणारच, ते घरीच वळायचे, सगळ्यांनी टेबलाभोवती बसून फोर्कच्या पाठीवर. पण माझं पॅक्लिटॅक्सेल (किमोचं औषध) चालू आहे, बोटांची टोकं बधिर, पिठाची गोळी हातात आहे की निसटली तेच कळत नाही, त्यात ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताने जोर लावायचा नाही, जड उचलायचं नाही. घरचे म्हणाले यंदा राहू दे, लोक समजून घेतील. अहो, मार्चपासून लोक समजूनच घेतायत! डबे येतात, सूप येतं, शहाळी येतात, माझ्यासाठी नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) होतात आणि मी आपली थँक्यू थँक्यू करत बसलेय, घेऊन घेऊन पण अवघडायला होतं. म्हणून आगमनकाळ (नाताळच्या आधीचे चार आठवडे) लागला तसं ठरवलं की ह्या नाताळला आपल्या घरातून पण काहीतरी बाहेर गेलंच पाहिजे, आणि विगसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते ते इकडे वळवून वाटायला बरेच बॉक्स मागवले. (टोपी बरी दिसते मला, आणि डिसेंबरात उकडत पण नाही.)

आता मालाबद्दल. माझ्या तोंडाला सध्या सगळंच लोखंडासारखं लागतं, त्यामुळे चवीचा निकाल बराचसा नवऱ्याचा आहे हे आधीच सांगते. कलकल एक नंबर, नारळाच्या दुधातलं पीठ, आतपर्यंत खुसखुशीत, पाक हाताला चिकटत नाही. नेवऱ्यांचं सारण नीट भाजलेलं, पण दोन-तीन कडेला फुटलेल्या. खजूर रोल ठीक. पेरूचं चीज फार गोड, लिंबू कमी पडलंय. मिल्क क्रीम मात्र मीच खाल्लं, साच्यातले छोटे छोटे मासे आणि शिंपले, दूध आटवून त्यात काजू, जिभेवर ठेवलं की विरघळतं, तोंड आलेल्या माणसाला ह्याहून सोपं खाणं नाही.

प्लम केक माझ्यासाठी बिनरमचा हवा होता, आंटींनी संत्र्याच्या रसात सुका मेवा भिजवून वेगळा करून दिला, जास्तीचा एक रुपया घेतला नाही. लवंग-दालचिनी झोंबली, मग दुधात बुडवून खाल्ला. मार्झिपानमध्ये अंड्याचा पांढरा असतो, आंटी म्हणाल्या मी गॅसवर शिजवूनच घेते, पण पांढऱ्या पेशींचा काउंट खाली असताना कच्चं अंडं अजिबात नको असं डाएटिशियनने बजावलंय, उगाच रिस्क कशाला, माझ्या बॉक्समधून काढायला लावलं. किमोवाल्यांनी ऑर्डर देताना हे दोन्ही विचारून घ्या.

आता तो अर्धा स्टार. आंटींना कुठूनतरी माझ्या आजारपणाचं कळलं आणि त्यांनी प्रेमाने प्रत्येक बॉक्सवर एक कार्ड चिकटवलं, ‘कॅन्सरशी लढणाऱ्या भगिनीकडून’, खाली माझं नाव, वर सोनेरी तारा. माझं डोकंच फिरलं. बायबलात मत्तयच्या सहाव्या अध्यायात प्रभू काय सांगतो, उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, आणि इथे अख्ख्या धर्मग्रामाला (आमच्या चर्चच्या सगळ्या लोकांना) कळायची सोय! फोन केला तर बिचाऱ्या वरमल्या, संध्याकाळी मुलाला पाठवून सगळी कार्डं काढून घेतली. पण एकदा विचारायला काय जातं?

बॉक्स गेले कुठे तर काही बिल्डिंगमध्ये, दिवाळीचा फराळ ज्यांच्याकडून येतो त्यांच्याकडे, काही सेंट विन्सेंट डी पॉलवाल्यांकडे (चर्चमधली गरजूंना मदत करणारी संस्था) दिले, ते कोणाच्या घरी गेले मला माहीत नाही आणि तेच बरं. उरलेले आम्ही लोकलने परळला नेले (अपंगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला चढता येतं, बऱ्याच जणांना माहीत नसतं). टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर बाहेरगावचे लोक बसलेले असतात. पेशंटला काय चालतं आपल्याला माहीत नसतं, म्हणून सोबतच्या नातेवाइकांना विचारून दिले. एक बिहारच्या बाई कलकल बघून म्हणाल्या, ‘अरे, ये तो शक्करपारा है’, आणि लगेच पिशवीतून ठेकुआ काढून माझ्या हातात ठेवला. म्हणजे परत घेणं आलंच. तो इतका कडक की माझ्या तोंडाला झेपणं शक्यच नव्हतं, नवऱ्याने लोकलमध्ये दादर ते बोरिवली तो एकच चावला.

नाताळच्या रात्रीच्या मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनेला) गर्दीत जायला मनाई, ती मोबाइलवर ऐकली, कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) सकाळी चर्चच्या सिस्टर घरी घेऊन आल्या, त्यांनाही चहाबरोबर ह्याच बॉक्समधला खजूर रोल दिला. त्यांना आवडला, म्हणजे बहुतेक आम्हीच त्यात खोट काढतोय.

ऑर्डर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच द्या, नंतर आंटी घेत नाहीत. नेवऱ्या कुरिअरने मागवू नका, स्वतः जाऊन आणा. मिल्क क्रीम वेगळं पावशेर पण मिळतं, ते घ्याच. आणि कार्ड नको असेल तर आधीच सांगा.