सीमाभागातील सायकल मुक्काम आणि ‘ऑर्गॅनिक मॅप्स’

सायकलवर तंबू बांधून बेळगाव, खानापूर, चंदगडच्या बाजूला फिरताना रस्त्यापेक्षा रात्रीच्या जागेची काळजी अधिक असते. वारा लागणार नाही, पाणी साचणार नाही आणि कोणाची हरकत असणार नाही, अशी जागा दिवस मावळण्याआधी हेरण्यासाठी मी वापरलेल्या साधनांत ‘ऑर्गॅनिक मॅप्स’ हे ॲप मला सर्वांत उपयोगी वाटले.

ते मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि खातेही उघडावे लागत नाही. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून भरलेल्या खुल्या नकाशाच्या माहितीवर बेतलेला नकाशा एकदा फोनवर उतरवला की इंटरनेटची गरज उरत नाही, आणि जांबोटीच्या पुढे, जिथे नेटवर्क मिळेलच याची खात्री नसते, तिथे हीच गोष्ट मोलाची ठरते. सीमाभागात मात्र कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांचे लागणारे नकाशे घरूनच उतरवून घ्यावेत, कारण चोर्ला घाटाच्या वाटेवर किंवा चंदगडकडे वळताना राज्याची हद्द केव्हा ओलांडली हे सायकलस्वाराच्या लक्षातही येत नाही.

मुक्कामाच्या दृष्टीने या ॲपचे खरे बळ समोच्च रेषांत, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांत आहे. तो थर नकाशावर वेगळा सुरू करावा लागतो, आणि पुष्कळजण तो कधी सुरूच करत नाहीत, याचे मला वाईट वाटते. रेषा दाट असतील तिथे चढ उभा असतो, विरळ असतील तिथे सपाटी असते, आणि रेषांची टोके चढाच्या दिशेने वळलेली दिसली की ती नाल्याची खोबण समजावी. एवढे वाचता आले तरी निम्मे काम होते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने हिवाळ्यातील रात्री बऱ्यापैकी गार असतात. जड झालेली थंड हवा उतारावरून घरंगळत मलप्रभेच्या काठच्या सखल शिवारात साचते आणि तिथे पहाटे तंबू दवाने चिंब होतो. म्हणून मी नदीकाठची मोहक सपाटी सोडून तिच्यापेक्षा थोडी उंच, टेकडीच्या आडोशाची आणि नाल्याच्या वाटेत न येणारी पायरी नकाशावर शोधतो. पावसाळ्याच्या आगेमागे वारा नैर्ऋत्येकडून येत असल्याने टेकडीची ईशान्य बाजू बघावी.

हे तंत्र खानापूरच्या डोंगराळ पट्ट्यात चांगले साधते. बैलहोंगल, सौंदत्तीकडे जमीन मोकळी आणि काळी होत जाते, टेकड्यांचा आडोसा विरळ होतो आणि पाऊस पडला की काळ्या मातीचा चिखल चाकांना बसून सायकल जागची हलत नाही. तिथे वस्तीजवळच थांबावे. उलट मलप्रभेचे उगमस्थान असलेल्या कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात तंबूचा विचारच करू नये. तिथल्या पावसाला डोक्यावर पक्के छप्परच हवे.

छप्पर शोधण्यात मात्र हे ॲप तोकडे पडते. निवाऱ्याची चिन्हे या भागात फारच विरळ नोंदलेली आहेत, आणि उपग्रहचित्रे नसल्याने झाडी, ऊस की पडीक माळ हे कळत नाही. देऊळ दाखवले असले तरी त्याला सभामंडप आहे की नुसता गाभारा, हेही समजत नाही. तरीही देवळाचे चिन्ह उपयोगी पडते, कारण आपल्या भागात परक्या वाटसरूने रात्रीची सोय विचारावी ती देवळापाशीच. गुरवाला किंवा पंचांपैकी कोणाला तरी “काका, आजची रात्र इथे टेकलो तर चालेल का?” असे उजेड असतानाच विचारावे आणि नकार आला तर पुढे जाण्याइतका वेळ हाताशी ठेवावा. हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरासारख्या प्राचीन वास्तूंच्या आवारात मात्र मुक्काम मागूही नये.

नकाशावर हिरवी दिसणारी प्रत्येक जागा मुक्कामाची नव्हे, हे विशेष आग्रहाने सांगतो. भीमगड हे २०११ साली घोषित झालेले वन्यजीव अभयारण्य आहे. त्या रानात अस्वले, गवे आणि बिबटे आहेत, आणि दांडेलीच्या बाजूने हत्तीही खानापूर तालुक्यात येतात. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे रात्र काढणे बेकायदेशीर आहे, आणि परवानगी लागते की नाही हे ॲप सांगत नाही. हेमाडगा, आमटे या बाजूला जाणाऱ्यांनी मुक्कामाचे आधी विचारून घ्यावे किंवा दिवसाउजेडी परत फिरावे.

नकाशातील उणिवा वापरणाऱ्यालाही भरून काढता येतात, कारण ओपनस्ट्रीटमॅपचे खाते असल्यास ॲपमधूनच नव्या जागा नोंदवता येतात. पिण्याच्या पाण्याचे नळ, विहिरी आणि सायकल दुरुस्तीची दुकाने सर्वांनी जरूर नोंदवावीत. ज्या गावाने आपल्याला ओसरी दिली तिची नोंद मात्र गावाला विचारल्याशिवाय करू नये. मी अशा जागा फक्त माझ्या फोनवरील खुणांत ठेवतो आणि कोणी मागितल्या तर आधी गावात फोन करून मगच देतो.