बाईकने नातेवाइकांकडे: हायवेने, घाटाने, की पोचून मग फेरी?

पाचशे किलोमीटरवर बहीण राहते, हातात चार दिवस आहेत आणि मधल्या डोंगरातून जाणारा एक देखणा रस्ता कधीचा खुणावतोय. बाईक न्यायची हे ठरलेलं आहे. प्रश्न आहे तो कुठल्या रस्त्याने जायचं याचा.

पर्याय तीन. पहिला, हायवेने जा, हायवेनेच या. दुसरा, जाता-येता दोन्ही वेळा वळणांचा रस्ता धरा. तिसरा पटकन सुचत नाही: हायवेने पोचायचं, सामान बहिणीकडे उतरवायचं, आणि मधल्या एका दिवशी रिकाम्या गाडीवर डोंगरात पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरची फेरी मारून संध्याकाळी तिच्याकडेच परतायचं.

एवढ्या अंतराला आणि एवढ्या दिवसांना तिसराच घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. कोणीतरी वाट बघतंय आणि आपण वळणांच्या रस्त्यावर आहोत, या दोन गोष्टी एकाच दिवशी नसाव्यात. आधी आकडे बघा.

| | हायवे | वळणांचा रस्ता | हायवे आणि फेरी |
|---|---|---|---|
| जाऊन-येऊन अंतर | १,००० किमी | सुमारे १,३०० किमी | सुमारे १,१८० किमी |
| थांबे धरून सरासरी | ताशी ६० किमी | ताशी ३५ किमी | ६०, फेरीत ३५ |
| गाडीवरचे तास | १७ | ३७ | २२ |
| गाडीवर जाणारे दिवस | २ | ४ | ३ |
| बहिणीकडे रात्री | ३ | १ | ३ |

डोंगरातला रस्ता सरळ अंतरापेक्षा तीस टक्के लांब धरला आहे. काही ठिकाणी तो याहून जास्त निघतो. शेवटची ओळ नीट वाचा. दुसऱ्या पर्यायात चार दिवस गाडी चालवून बहिणीच्या वाट्याला एक संध्याकाळ येते, तीही पाठ धरलेल्या, डोळे मिटत आलेल्या भावाची.

"सातपर्यंत येतो" म्हटलं की

घरून निघताना आपण वेळ सांगून बसतो. दुपारी चारला डोंगरात असताना लक्षात येतं की अजून १८० किलोमीटर आहेत आणि तास तीनच. म्हणजे ताशी ६०ची सरासरी हवी, आणि रस्ता ३५च्या वर देत नाही. इथून पुढे माणूस नकळत वेग वाढवतो. सरळ पट्टा आला की वाढवतो, ते ठीक. पण वळणातही पाच-दहाने वाढवतो आणि ते कळतही नाही.

त्या पाच-दहाचा हिशेब असा. समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असं धरलं आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला, तर ताशी ४०ला गाडी साधारण २० मीटरमध्ये थांबते, ६०ला ३७ आणि ८०ला ५७ मीटरमध्ये. आंधळ्या वळणावर पुढचा रस्ता अनेकदा पंचवीस-तीस मीटरच दिसतो. म्हणजे ४०ला थांबता येतं, ६०ला येत नाही. रस्ता एकपदरी असेल तर समोरचाही आपल्याकडेच येत असतो, त्यामुळे दिसतं त्याच्या निम्म्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग हवा.

फेरीच्या दिवशी हा ताण नसतो. सामान घरी आहे, जेवायला कोणी खोळंबलेलं नाही, पाऊस आला तर अर्ध्यातून मागे फिरता येतं. दुसरा पर्याय घेणारच असाल तर घरच्यांना तास सांगू नका, दिवस सांगा. "उद्या अंधार पडायच्या आत येईन" एवढं पुरे. डोंगरात मोबाइलला रेंज नसते, म्हणून निरोपाचेही ठरवून ठेवा: निघताना एक, डोंगर चढण्याआधी एक, उतरल्यावर एक. तिसरा निरोप ठरलेल्या वेळेनंतर दोन तासांत आला नाही तरच शोध सुरू करायचा. हे आधी बोललेलं नसेल, तर रेंज आल्यावर पंधरा मिस्ड कॉल दिसतात आणि आपण थरथरत्या हाताने पुढची वळणं घेतो.

हायवेवर काय बिघडतं

हायवे कंटाळवाणा असतो, आणि खरी जोखीम त्या कंटाळ्यातच आहे. दुपारी दोन ते चार आणि मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत डोळे जड होतात, मग जेवण हलकं घेतलेलं असो वा नसो. दुपारच्या त्या दोन तासांत एक मोठा थांबा आधीच आखून ठेवा आणि वीस मिनिटं डोळे मिटा. एरवी दर तासा-सव्वा तासाने उतरून पाच मिनिटं चाला.

वेगाचं गणित सरळ आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८०वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून थोडा जास्त होतो आणि त्याच्याशी झगडायला इंजिनाला जवळपास दुप्पट ताकद लावावी लागते. लहान इंजिनाची गाडी तिथे धापा टाकते, पेट्रोल भसाभस पिते, आणि पाचशे किलोमीटरला नुसत्या चालवण्याचा वाचणारा वेळ सव्वा तास. तोही पूर्णवेळ १०० राखता आला तरच. जास्तीचे पेट्रोल थांबे आणि विश्रांती यात त्यातला बराचसा जातो. मध्यम गाडीला ८०-८५ हा सुखाचा वेग.

थंडीतही वारा असाच फसवतो. हवा १० अंश असली तरी ताशी ९०च्या वाऱ्यात अंगाला ती ४ अंशांसारखी लागते. बोटं आखडली की ब्रेकवरचा अंदाज आधी जातो. जाकिटाखाली वारा अडवणारा एक थर आणि हातमोज्यांचे दोन जोड, त्यातला एक कोरडा राखीव, एवढ्याने काम भागतं. कानात फोमचे बोळे घाला. हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाज या वेगाला इतका असतो की संध्याकाळी पोचल्यावर कान वाजत राहतात, आणि दिवसभराच्या थकव्यातला मोठा वाटा त्या आवाजाचाच असतो. हाताला मुंग्या येत असतील तर मूठ सैल करा. हँडल घट्ट आवळून धरल्याने कंपनं मनगटात शिरतात. गाडी गुडघ्यांनी टाकीला धरायची असते.

एक गोष्ट हायवेवर दिसत नाही, घाटात दिसते. सरळ रस्त्यावर मागचा टायर मधोमध झिजून सपाट होतो. आधीच अर्धा झिजलेला टायर हजार किलोमीटर हायवेवर पळवून वळणात टाकला, की गाडी त्या सपाट भागाच्या कडेवरून एकदम 'पडल्यासारखी' झुकते. टायर बदलायला आलाच असेल तर निघण्याआधी बदला, आणि नव्या टायरवर पहिले दीडशे किलोमीटर जोरात झुकवू नका.

भरलेली गाडी घाटात

वळणांच्या रस्त्याचा दुसरा पर्याय आम्ही खाली ठेवतो त्याचं अर्धं कारण सामान आहे. दोन बाजूंना लटकणाऱ्या दोन सॅडलबॅग, मागे बॅग, रॅकवर टॉप बॉक्स म्हणजे डब्बा, असं वजन चढलं की मागचं सस्पेन्शन बसतं, पुढचं चाक हलकं पडतं आणि गाडी वळणात बाहेर जाऊ बघते. हेडलाइट वर होतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. टॉप बॉक्सच्या रॅकवर बहुधा ५ ते १० किलोची मर्यादा लिहिलेली असते. ती थट्टा नाही: तिथलं वजन मागच्या चाकाच्याही मागे आणि उंचावर असतं, त्यामुळे वेगात गाडीची शेपटी डोलते. जड ते खाली आणि पुढे. टॉप बॉक्समध्ये रेनकोट, हातमोजे, कागदपत्रं.

उतारावर ब्रेकचा प्रश्न येतो. भरलेली गाडी अर्धा तास ब्रेकवर उतरवली की डिस्कला आवळून धरणारा कॅलिपर तापतो, त्याची उष्णता ब्रेक ऑइलला जाते. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी मुरलेल्या ऑइलची हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. म्हणून लिव्हर मुठीपर्यंत येतो आणि गाडी थांबत नाही. उपाय दोन: दोन वर्षांहून जुनं ऑइल निघण्यापूर्वी बदला, आणि जो घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरवा, इंजिनाला गाडी धरू द्या. लिव्हर मऊ लागायला लागला तर तिथेच थांबा, पंधरा-वीस मिनिटं डिस्क निवू द्या. वर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होऊ शकते.

फेरीच्या आदल्या संध्याकाळी

रिकामी गाडी म्हणजे फक्त बॅगा काढलेली गाडी नव्हे. सामानासाठी बसवलेलं सगळं परत आणावं लागतं. समजा मॅन्युअलमध्ये मागच्या टायरला एकट्यासाठी २८ आणि भरलेल्या गाडीला ३२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलं आहे. मग पोचल्याबरोबर हवा काढू नका: तापलेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय जास्तच दिसतात, आणि ती काढली तर सकाळी टायर खाली बसतो. सकाळी गाडी हलवण्याआधी मोजा आणि २८ वर आणा. मागचा प्रीलोड, म्हणजे सस्पेन्शनच्या स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, जितके खण चढवला असेल तितके उतरवा, नाहीतर खडबडीत रस्त्यावर मागचं चाक उड्या मारतं.

चेन मात्र पोचल्याबरोबर, गरम असतानाच बघा. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, मेन स्टँडवर. खालच्या बाजूला दोन स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चाकांच्या, मधोमध बोटाने वर-खाली करा. रस्त्याच्या गाड्यांना साधारण २५ ते ३५ मिलिमीटर खेळ लागतो, नेमका आकडा मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या (स्विंगआर्म) स्टिकरवर असतो. चाक थोडं थोडं फिरवत चार-पाच जागी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथे सर्वांत घट्ट लागते तीच जागा धरून ताण ठेवा. सैल जागा धरून ताणली तर घट्ट जागा आली की गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग ओढलं जातं. मग चिखल-धूळ रॉकेलने पुसा, पेट्रोलने नको, त्याने चेनच्या सांध्यांतल्या रबरी कड्या (ओ-रिंग) खराब होतात. ऑइल आतल्या बाजूने, प्लेटांच्या फटीत सोडा, हाताने चाक मागे फिरवत, आणि रात्रभर राहू द्या. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसू नका. बोटं जातात.

फेरीत हमखास होणारी चूक एकच: हलकं जायचं म्हणून हत्यारं आणि पंक्चर किट सॅडलबॅगेसकट घरी राहतात. छोटी पिशवी वेगळी भरा. त्यात भोक घासून साफ करायचा रिमर, पट्टी भरायची सुई, भोक बुजवायच्या पाच-सहा पट्ट्या, हवेचा पंप, कटर, मागच्या एक्सलचा पाना आणि टॉर्च. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला आणि हवा हळू जात असेल तर तो उपटू नका, हवा भरून वस्तीपर्यंत या. जोरात जात असेल तर खिळा काढा, गेला त्याच कोनात रिमर फिरवा, पट्टी दोनतृतीयांश आत घाला, सुई झटक्यात बाहेर ओढा, वरचं टोक तीन-चार मिलिमीटर ठेवून कापा, थुंकी लावून बुडबुडे बघा. टायरच्या बाजूच्या भिंतीला भोक असेल तर पट्टी लावू नका, तिथे ती टिकत नाही. आणि गाडीला ट्यूब असेल तर हे किट निरुपयोगी आहे. चाक काढता येत नसेल तर फेरी वस्तीच्या रस्त्यांवरच ठेवा.

रस्ता निवडताना तिथल्या माणसांना विचारा, बहिणीच्या शेजाऱ्यांनाही. कुठे खडी पसरलीय, कुठे दरड आलीय, हे नकाशाला उशिरा कळतं. वेळ मात्र त्यांची मानू नका, ती चारचाकीची असते. पेट्रोल टाकी निम्मी झाली की भरा. चढात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर नेहमीचं मायलेज मिळत नाही. आणि फेरी मधल्या दोन दिवसांतल्या पहिल्याच दिवशी ठेवा. परतीच्या आदल्या दिवशी ठेवली तर तुटलेला क्लच वायर नीट करायला वेळच उरत नाही.

कधी दुसरा विचार करायचा

अंतर अडीचशे किलोमीटरच्या आत असेल तर वर लिहिलेलं उलटं. तेव्हा वळणांचा रस्ता सव्वातीनशे होईल, नऊ-साडेनऊ तास, म्हणजे उजेडात एका दिवसात बसतो. खुशाल तिकडून जा, येताना हायवेने या. अंतर नऊशेच्या घरात असेल तर हायवेनेही दोन दिवस लागतात. तेव्हा वाटेतला मुक्काम डोंगराच्या पायथ्याशी टाकून दुसऱ्या सकाळी शंभर-सव्वाशे किलोमीटरचा तुकडाच घाटातून घ्या. आठवडा मोकळा असेल तर दुसरा पर्यायही छान आहे, फक्त सामान निम्मं करा.

हातात दोनच दिवस असतील तर हायवे, आणि फेरीचा विषय काढू नका. मागे कोणी बसणार असेल तरी हायवेने जा, पण दर पन्नास मिनिटांनी थांबा. मागच्याला हँडल नसतं, वळण येतंय ते त्याला उशिरा दिसतं, पाठ त्याचीच आधी दुखते. फेरीच्या दिवशी ते माणूस घरी थांबलं तर बहिणीलाही गप्पांना सोबत मिळते.

परतीच्या सकाळी घरचे जी पिशवी हातात देतात, तिच्यासाठी एका सॅडलबॅगेत चार-पाच किलोची जागा घरून निघतानाच रिकामी ठेवा आणि वजन दुसऱ्या बाजूशी जुळवा. पिशवी हँडलला लटकवू नका, वळवताना ती टाकीवर अडकते. बांधून झालं की प्रीलोड परत चढवा, आणि मागची हवा टायर थंड असतानाच ३२ वर न्या.