गार लागला म्हणून घेतला

एकूण 88,500 रुपये गेले. आकडा आधीच सांगतो, कारण घरी तो सांगायला मला दोन महिने लागले.

सोलापुरात माझा टॉवेलचा कारखाना आहे. 16 माग, पत्र्याचं शेड, अकरा कामगार. जुन्या ट्यूबलाइटच्या उजेडात रात्रपाळीला तुटलेला धागा दिसत नव्हता, म्हणून 100 वॉटचे एलईडी हायबे, म्हणजे उंच छताला टांगायचे मोठे दिवे, लावायचं ठरवलं. दुकानात पक्क्या बिलात 3,900 आणि वर 18 टक्के जीएसटी सांगितला. जानेवारीत एक माणूस नमुना घेऊन थेट कारखान्यात आला. 2,650 रुपये, तीन वर्षं वॉरंटी, बिल कच्चं. “18 टक्के वाचतात मालक.” सुताच्या व्यापाऱ्याचं देणं तेव्हा डोक्यावर होतं. कुणी मला लोभी म्हणेल, म्हणू दे. पण आमच्या गल्लीत कच्च्या बिलावर काहीच घेतलं नाही असा एक तरी कारखानदार दाखवा.

त्याने दिवा माझ्या टेबलावर लावला. पंधरा मिनिटं चालवला. मग दिव्याला वीज पुरवणाऱ्या डबीकडे, म्हणजे ड्रायव्हरकडे, बोट दाखवून म्हणाला, “ड्रायव्हरला हात लावून बघा. बाजारातले इस्त्रीसारखे तापतात, आपला गार.” मी हात लावला. गार होता. तिथेच मी 20 दिव्यांची ऑर्डर दिली.

हे मला अजून झोपू देत नाही. वीस वर्षं मी मागाच्या मोटारीवर तळहात ठेवून तिची तब्येत सांगतो. भार घेऊन चालणारी मोटार कोमट लागणारच, हे मला शिकवायला नको. कामावर असलेली वस्तू गार लागली तर ती काम करत नाही, नाहीतर तिचा ताप आतच अडकलाय. ड्रायव्हरचंही तेच आहे. 230 व्होल्टचा एसी घेऊन तो एलईडीला हवा तेवढा डीसी करंट देतो, आणि त्यात 100 वॉटमागे दहा-बारा वॉट उष्णतेत जातात. चांगल्या ड्रायव्हरमध्ये ती उष्णता आतल्या भरावातून अ‍ॅल्युमिनियमच्या अंगापर्यंत येते, म्हणून अंग तापतं. ते तापणं हीच त्याची तब्येत. हे सगळं माहीत असलेला माणूस थंडीच्या सकाळी पंधरा मिनिटं चाललेल्या डबीवर हात ठेवून खूश झाला.

30,000 यूपीआयने आगाऊ आणि माल आल्यावर 23,000 रोख दिले. वायरमन काकांनी एका दिव्याचे 200 प्रमाणे 4,000 घेऊन जानेवारीअखेर दिवे चढवले आणि प्रत्येक ड्रायव्हरच्या बुडाला मार्करने नंबर टाकला. त्या नंबरांचं पुढे येईलच.

मेच्या पहिल्या आठवड्यात दिवे फडफडायला लागले, मग एकेक बंद पडत गेले. महिन्याभरात 14 गेले. फोन केला तर माणूस लगेच आला, आणि याच तत्परतेने मी दुसऱ्यांदा फसलो. “सोलापूरचं ऊन मालक, उन्हाचं वॉरंटीत येत नाही. जास्त तापमानाचे ड्रायव्हर देतो, 650 ला.” निळं स्टिकर, त्यावर ठळक 105 अंश. 14 नगांचे 9,100 दिले. बंद पडलेले ड्रायव्हर “कंपनीत दाखवायला” तो घेऊन गेला. बंद पडलेला माल कधीही परत देऊ नका. तोच तुमचा पुरावा.

जूनमध्ये नवेही जायला लागले. काकांनी एक उतरवला तर कडेचं निळं स्टिकर सुटलेलं. ते सोललं तर खाली जुनं पांढरं स्टिकर, आणि बुडाला काकांच्याच हातचा 7. माझाच मेलेला ड्रायव्हर मला 650 रुपयांना विकला होता.

मग काकांनी सातआठ नग फोडले. पातळ पत्र्याची डबी, आत सर्किटची पट्टी चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर अधांतरी. सगळ्यात जास्त तापणारा मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा भाग, त्याच्या पाठीला ना पॅड, ना पेस्ट, ना भराव. उष्णतेला बाहेर पडायला वाटच ठेवलेली नव्हती. वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर 105 अंश छापलेलं, पण ब्लेडने ते वेष्टण कापलं तर खाली दुसरं वेष्टण, त्यावर 85. हा फरक लहान नाही. कपॅसिटर दर 10 अंश जास्त तापला की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणजे 20 अंशांच्या लबाडीत आयुष्य चौथाईवर. 85 अंशांचा साधा कपॅसिटर त्या तापमानाला 2,000 तासांचा असतो. माझ्याकडे दिवे रोज 20 तास चालतात. 2,000 भागिले 20, म्हणजे 100 दिवस. जानेवारीअखेर ते मेचा पहिला आठवडा मोजून बघा.

त्यात दिव्याची बनावटच चुकीची. ड्रायव्हर एलईडीच्या हीटसिंकच्या डोक्यावर चिकटवून बसवलेला, खालचा सगळा ताप वर त्याच्याच अंगात. हीटसिंकच्या पात्यांत कापसाची रुई बसून गोधडी झालेली. पत्र्याखाली दुपारी तीनला काकांनी तापमान मोजलं तर 54 अंश. ड्रायव्हर घेताना लेबलवर बारीक टिंब आणि त्याशेजारी इंग्रजीत टीसी लिहिलेलं आहे का बघा. त्या टिंबापाशी अंगाचं तापमान लिहिलेल्या आकड्यापुढे जाता कामा नये. टीए म्हणजे भोवतालची हवा, ती वेगळी. माझ्या ड्रायव्हरवर टिंबच नव्हतं. जे 105 मला दाखवलं ते कपॅसिटरचं, आणि तेही खोटं. वॉटमीटर लावला तर 100 वॉटचा दिवा 61 वॉट घेत होता. टेबलावर गार का लागला, याचं उरलेलं उत्तर तिथे मिळालं.

लेबलवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, आर नंबर (नोंदणी क्रमांक) ही होता. एलईडी ड्रायव्हरला आयएस 15885 खाली नोंदणी सक्तीची आहे. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो नंबर टाकला तर दुसऱ्याच कंपनीचा दुसराच माल निघाला. पैसे देण्याआधी हे दोन मिनिटांचं काम होतं.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात तीन वेळा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा साध्या कागदावर अर्ज घेतला, पोच मागितली तर “विश्वास नाही का?” तिसऱ्यांदा “ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.” दिवाणी कशी? माझाच माल स्टिकर बदलून मला विकणं हा व्यवहारातला मतभेद आहे का? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीसाठीच आहे ना? मी ते कलम तोंडाने म्हटलं तर हवालदार म्हणाला, “तुम्ही वकील आहात का?” खऱ्या वकिलाने सांगितलं की माल धंद्यासाठी घेतला, अकरा कामगार आहेत, त्यामुळे ग्राहक कायद्यात बसणं अवघड; स्वतःच्या पोटापुरतं राबणाऱ्याला तिथे सूट आहे. म्हणजे घरातला एक बल्ब खोटा निघाला तर मी ग्राहक, आणि 20 दिवे खोटे निघाले तर कुणीच नाही! एका सरकारी कार्यालयाने समाधान पोर्टलवर जायला सांगितलं. ते पोर्टल आमच्यासारख्यांनी विकलेल्या मालाचे थकलेले पैसे मिळवण्यासाठी आहे. खिडकीतल्या माणसाला एवढंही माहीत नव्हतं. दुसऱ्या कार्यालयाने पक्कं बिल मागितलं. कच्चं दाखवल्यावर असं बघितलं, जणू मीच चोर. चूक माझी आहे, पण स्टिकर मी चिकटवलं नव्हतं. माझ्याकडे यूपीआयची नोंद आहे, फोटो आहेत, मार्करचा 7 आहे. ते बघायला कुणी मानच वर करत नाही.

शेवटी काकांनी दिव्यातल्या एलईडीच्या करंटशी जुळणारे ड्रायव्हर पक्क्या बिलात आणले, 1,120 चा एक, 20 चे 22,400. ते दिव्यापासून सोडवून दीड हात खाली, भिंतीच्या अँगलवर बसवले. आता हात लावला की कोमट लागतात. दर रविवारी पात्यांतली रुई ब्लोअरने उडवतो.

उरलेले मेलेले ड्रायव्हर खोक्यात कुलूप लावून ठेवलेत, निळ्या स्टिकरसकट. नंबर 7 वेगळा, पिशवीत. अक्कलकोट रोडला किंवा आणखी कुठे याच निळ्या स्टिकरचे ड्रायव्हर कुणाला मिळाले असतील, तर ते फेकू नका आणि त्या माणसाला परतही देऊ नका. पुढच्या सोमवारी मी चौथ्यांदा ठाण्यात जाणार आहे. दोन-चार कारखानदार बरोबर आले तर अर्जाची पोच तरी मिळेल.