झाडं कापायचं जुनं कटर मशीन कुरिअरने दुरुस्तीला पाठवताय? आधी माझे 25,630 रुपये कसे गेले ते वाचा

आगाऊ पैसे घेऊन गायब होणारे सगळ्यांना ठाऊक आहेत. माझा दुरुस्तीवाला गायब झाला नाही, हीच खरी भानगड. त्याने मशीन परत पाठवलं, वर "काका, चालवून बघा आणि कळवा" असा मेसेजही टाकला. या प्रकारात आपण फसलोय हे कळायलाच वेळ लागतो, आणि कळतं तेव्हा कुणी तक्रार घेत नाही.

मशीन म्हणजे स्टिल कंपनीचं 070. 106 सीसी, पॉइंटवालं (ठिणगी पाडायला उघडमीट होणारे धातूचे संपर्क असलेलं), जुनं जर्मन. वडिलांनी कर्नाटकातल्या एका लाकूड ठेकेदाराकडून सेकंडहँड घेतलेलं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने आमच्या दापोलीकडची झाडं आडवी केली तेव्हा नवी हलकी मशीनं आंब्याच्या बुंध्यात अडकून बसत होती, हे धूड मात्र फाडत जायचं. त्यामुळे "नवीन घ्या ना" म्हणणाऱ्यांनी कृपया गप्प बसावं.

दोष साधा होता. थंड असताना दुसऱ्या ओढीला सुरू, तापलं की बंद, आणि पुरतं गार झाल्याशिवाय उचलायचं नाव नाही. आमचा जुना मिस्त्री राहिला नाही आणि नव्या पोरांना पॉइंट म्हणजे काय हेच माहीत नाही. अशात जुन्या मशीनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा "स्पेशालिस्ट" भेटला. उघडलेली इंजिनं, फ्लायव्हील पुलर, कार्बोरेटरचे किट असे झकास फोटो टाकायचा. बोलणं अदबीचं. कुणीही विश्वास ठेवला असता.

ओव्हरहॉलचे आगाऊ 4,500 घेतले. मशीन पोचल्यावर ओरखडे पडलेल्या पिस्टनचा फोटो आला: "काका, पिस्टन-सिलिंडर गेलंय, ओरिजिनल सेट 11,800." मी पाठवले. जुनं मशीन आहे, पिस्टन जाऊ शकतो, यात न पटण्यासारखं काय होतं? (खरं तर घरी मशीन स्टार्टरच्या दोरीला धरून लोंबकळत ठेवलं तर झपकन खाली यायचं नाही, टप्प्याटप्प्याने उतरायचं. म्हणजे कॉम्प्रेशन, पर्यायाने पिस्टन-सिलिंडर, ठीक होतं. हे नंतर आठवलं.)

त्यानंतरचा मेसेज मी आजही काढून वाचतो आणि डोकं फिरतं. "इग्निशन मॉड्यूल जळलंय, 6,400." अरे, माझ्या मशीनला मॉड्यूल, म्हणजे ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक भाग, नाहीच! त्या कामाला फ्लायव्हीलच्या मागे पॉइंट आणि त्याच्या जोडीचा कंडेन्सर आहे. पॉइंटची गॅप मी स्वतः फीलर गेजने लावलेली आहे, 0.3 ते 0.4 मिलिमीटरच्या मध्ये. पोस्टाच्या पाकिटाचा पुठ्ठा फिरवून ते पॉइंट साफ केलेत. जे मशीनमध्ये नाहीच ते जळलं कसं, हा एक प्रश्न विचारला असता तर खेळ तिथेच संपला असता. पण घरात लग्नाची गडबड होती, मेसेज रात्री साडेदहाला आला, आणि मला वाटलं तो पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक बसवतोय. अशी बदली खरोखर करतात, मी काही दूधखुळा नाही. पैसे पाठवले. यूपीआयवर नावही आधीच्यापेक्षा वेगळं दिसलं. "भावाचं खातं" म्हणे. दर वेळी वेगळं नाव दिसलं की तिथेच थांबा, भाऊ असो की मेव्हणा.

शेवटी "जीएसटी आणि पॅकिंग" 2,150. बिल आलं ते वहीच्या पानाचा फोटो, त्यावर जीएसटी नंबरच नाही. नंबर मागा आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, मिनिटभराचं काम आहे. मशीन आलं ते ट्रान्सपोर्टने, भाडं 780 माझ्याच माथी.

सुरू झालं, आवाजही खणखणीत. फक्त आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना, वेग आपोआप चढायचा. मी कार्बोरेटर फिरवत बसलो. वाडीतल्या पडलेल्या फणसाचा ओंडका घेतला आणि अर्ध्यात करकचून जाम. दोरी हलेना.

चिपळूणकडच्या एका मिस्त्रीने माझ्यासमोर उघडलं. बाहेरचं कव्हर, टाकी, हँडल माझं. आत सिलिंडर चायनीज, कसलाही शिक्का नाही, पोर्टच्या कडा धारदार, आतला मुलामा सोललेला. मॉड्यूल वगैरे काही नाही, पॉइंट जागच्या जागी, कंडेन्सरही तोच जुना. बिलात "क्रँक सील बदलली" (इंजिनात बाहेरची हवा शिरू न देणारी रबरी सील) असं लिहिलेलं, आणि सील जुनीच, बोटाने दाबली तर कडक. तिथून हवा आत खेचली जात होती, म्हणून आयडल चढत होता. पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होऊन नव्या सिलिंडरात पिस्टन धरला. मिस्त्री म्हणाला, मूळ दुखणं कंडेन्सरचं होतं. काही शेकड्यांचं काम!

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "वस्तू परत मिळाली ना?" मिळाली. "मग चोरी कसली?" सिलिंडर बदललंय म्हटलं तर "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." मी ओंडक्याचा फोटो दाखवायला गेलो तर साहेबांना एकदम उत्साह. फणस तोडायला परवानगी होती का? मशीन कुणाच्या नावावर? म्हणजे ठगाला सोडून मलाच 1964 च्या वृक्षतोड कायद्यात उभं करायची तयारी! झाड वादळाने पडलेलं होतं हो. बँकेत गेलो तर "व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केलाय." मग काय, बंदूक लावून करायला हवा होता? सायबरवाल्यांनी ठाण्यात पाठवलं, ठाण्याने सायबरकडे. आणि या सगळ्यात तो गडी ग्रुपवर "जर्मन सिलिंडर, वापरलेलं, 14,000" असा फोटो टाकतो, ज्यात सिलिंडर गार ठेवणाऱ्या पात्यांपैकी वरून तिसरी फिन कोपऱ्यात तुटलेली आहे. ती फिन वडिलांच्या हातून मशीन पडलं तेव्हाची. माझ्याकडे भुसा साफ करतानाचा जुना फोटो आहे, तुटलेला कोपरा तंतोतंत जुळतो. दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले. उत्तर: "अशी फिन कुणाचीही तुटू शकते."

तुम्ही हे करा. मशीन पाठवण्याआधी सिलिंडर, पिस्टन (सायलेन्सर काढला की दिसतो), फ्लायव्हील सगळ्याचे फोटो काढा, नंबरांसकट. 070 चे अस्सल पार्ट नंबर 1106 ने सुरू होतात. आत कुठेतरी पंचने स्वतःची खूण मारा. काढलेला प्रत्येक जुना पार्ट त्याच खोक्यात परत हवा, हे आधीच लेखी घ्या. "भंगारात टाकला" म्हणाला की समजा विकला. सील बदलली म्हणणाऱ्याकडून प्रेशर टेस्टचा व्हिडिओ मागा, तुमच्या मशीनवरचा. आणि पैसे गेल्याचं कळल्या क्षणी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा. मी महिन्यांनी लावला, तोवर खातं रिकामं.

मी आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकलाय. 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. तिथल्या खिडकीवरही ऐकवलं की मशीन धंद्याचं असेल तर तुम्ही ग्राहक नाही. पोटापाण्यासाठी स्वतः वापरलेलं कायद्यात चालतं, हे मलाच सांगावं लागलं. तारीख पडलीय पुढची. तोवर तिसरी फिन तुटलेलं 070 चं सिलिंडर कुणी 14,000 ला दाखवलं तर घेऊ नका, ते माझं आहे.